शून्य वाशीम वीस

गॅरेजमध्ये दोन गोष्टी न मागता साठतात. एक जळकं ऑइल आणि दुसरे किस्से. जळकं ऑइल न्यायला तरी माणसं येतात. कोणाच्या गोठ्याच्या खांबाला वाळवी लागलेली असते, कोणाला दाराच्या फळ्यांना हात मारायचा असतो. किस्से न्यायला मात्र कोणी डबा घेऊन येत नाही, ते आपल्यालाच वाटत फिरावं लागतं. तर घ्या!

आमचं गॅरेज मालेगावात, वाशीम रोडवर. गॅरेज आमच्या ह्यांचं, म्हणजे संजयचं, आणि शेजारचं ऑइल-स्पेअर पार्टचं काउंटर माझं. मी कारंज्याची, बी.एस्सी. केमिस्ट्री. मला पाहायला आले तेव्हा सासरे म्हणाले होते, "पोरगी शिकलेली हाये, काउंटर सांभाळीन." मी ते सांभाळलं. पण पहिली पाच वर्षं गिऱ्हाईक यायचं, काउंटरवर मला बघायचं आणि विचारायचं, "वयनी, दुकानात कोनी हाये का?"

* * *

गॅरेजचा तिसरा माणूस म्हणजे नामदेव मिस्त्री. मेडशीचे. साठी ओलांडलेली, सासऱ्यांच्या काळापासून आमच्याकडे. मेडशीला थोडं शेत आहे, सोयाबीन-तूर घेतात, आणि रोज सकाळच्या एसटीनं कामावर येतात.

खरं सांगायचं तर गॅरेज संजयच्या नावावर असलं तरी चालायचं ते मिस्त्रींच्या दोन बोटांवर. ऑइल बघायची पट्टी बाहेर काढायची, टोकावरचा थेंब अंगठा आणि पहिल्या बोटात घ्यायचा, डोळे मिटून चोळायचा, नाकाशी न्यायचा. मग निकाल! त्या निकालावर अपील नव्हतं.

एकदा एका शाळेच्या व्हॅनचा ड्रायव्हर आला. गाडी नुसती धूर टाकत होती. मिस्त्रींनी विचारलं, "ऑइल कधी बदललं?"

"परवाच बदललं ना, वाशीमले."

मिस्त्रींनी थेंब चोळला, वास घेतला, बोट फडक्याला पुसलं आणि शांतपणे विचारलं, "परवा म्हंजे कोनत्या सालचा परवा?"

ड्रायव्हरनं तिथल्या तिथे खरं साल सांगितलं.

* * *

तर अशा आमच्या गॅरेजात गेल्या गुढीपाडव्याच्या सुमारास बबनशेठची हायब्रिड गाडी आली.

बबनशेठ म्हणजे मार्केट यार्डातले धान्याचे व्यापारी. माणूस वाईट नाही, पण तोलून बोलणार आणि बोललेलं पुन्हा तोलून बघणार. गाडी त्यांनी पुण्याच्या भाच्याकडून घेतलेली, चार वर्षं वापरलेली. थोडी बॅटरीवर चालते, थोडी पेट्रोलवर, आणि कधी कशावर चालायचं ते ती स्वतः ठरवते. कंपनीचं वर्कशॉप लांब, म्हणून शेठ आमच्याकडे.

शेठनी गाडी आत आणली. आवाज नाही की थरथर नाही. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं आणि कान लावला.

"शेठ, गाडी बंद हाये. चालू करा."

"चालूच हाये."

मिस्त्रींनी पुन्हा कान लावला. मग इंजिनावर हात ठेवून बघितला. मग शेठकडे बघितलं.

"चालू हाये?"

"हो, चालू हाये!"

"मंग बिघडली हाये."

शेठ हसले. मिस्त्री हसले नाहीत. ते पट्टी शोधायला आत वाकले, आणि नेमकं त्याच क्षणी बॅटरी थोडी उतरली असावी, इंजिन आपलं आपण धडधडून सुरू झालं. मिस्त्री असे उसळले की डोकं बॉनेटला दण्णकन आपटलं. दोन्ही हात वर करून ते सगळ्या गॅरेजला सांगू लागले, "म्या हात नाई लावला! म्या काईच केलं नाई!"

त्या दिवसापासून संजयनं नियम केला. हायब्रिड आली की आधी पूर्ण बंद करायची आणि चावी गाडीपासून लांब, माझ्या काउंटरच्या ड्रॉवरमध्ये ठेवायची. मगच बॉनेट उघडायचं.

* * *

नियम चांगला होता. फक्त त्या आठवड्यात कारंज्याला माझ्या मावसबहिणीचा साखरपुडा होता. घाईघाईत ड्रॉवरमधलं सगळं पर्समध्ये कोंबलं आणि बस पकडली. अर्धा रस्ता झाल्यावर फोन वाजला. बबनशेठ. आवाज एकदम मऊ.

"वयनी, कुठं हायेत तुमी?"

"बसमध्ये. कारंज्याला चालले. का?"

"काई नाई. माही गाडी तुमच्या पर्समंधी हाये."

* * *

आता मुद्द्याची गोष्ट, ऑइल. त्या गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं होतं 0W-20. मी वाशीमहून मागवलं. डबा काउंटरवर ठेवलेला असताना मेडशीकडचा एक ट्रॅक्टरवाला आला. त्यानं डबा फिरवून वाचला आणि मिस्त्रींना विचारलं, "हे डब्ल्यू काय हाये, मिस्त्री?"

"वाशीम," मिस्त्री म्हणाले. "शून्य वाशीम वीस."

ट्रॅक्टरवाल्यानं मान डोलावली. मग त्याला शंका आली. "मंग हे घालून अकोल्याले गेलं तं चालते का?"

मिस्त्रींनी जरा विचार केला. "जिल्ह्याच्या हद्दीलोक चालते. पुढं नाई."

तो गेल्यावर मी पोटभर हसले. म्हटलं, "मिस्त्री, काय बनवलं हो बिचाऱ्याला! डब्ल्यू म्हणजे विंटर. हिवाळा."

मिस्त्रींचा चेहरा उतरला. "हिवाळा? खरंच?" ते माझ्या मागच्या फळीवरच्या डब्यांकडे बघत राहिले. पंधरा डब्ल्यू चाळीस, वीस डब्ल्यू चाळीस, दहा डब्ल्यू तीस. "वयनी, मले तं वाटे कंपनीले आपलं वाशीम माहीत हाये."

मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. एवढा मोठा मान मी एका वाक्यात काढून घेतला होता.

* * *

मग मी त्यांना नीट समजावलं. डब्ल्यूच्या आधीचा आकडा म्हणजे इंजिन गार असताना ऑइल किती घट्ट राहतं, नंतरचा म्हणजे तापल्यावर किती. आकडा कमी तेवढं पातळ. हायब्रिडचं इंजिन दिवसातून शंभरदा झोपतं आणि शंभरदा उठतं, त्यामुळे उठल्याबरोबर वरपर्यंत पोचेल असं पातळ ऑइल लागतं. मिस्त्रींनी सगळं ऐकलं, डबा उघडला, थेंब बोटात घेऊन चोळला. पुन्हा घेतला, पुन्हा चोळला.

"वयनी, हे ऑइल नाई. हे तीर्थ हाये."

"पुस्तकात हेच लिहिलंय."

"मे महिन्यात रोडचं डांबर वितळते इथं. हे पानी इंजिनात टिकन का? बोटाले तं लागून नाई राह्यलं!"

आणि त्यांनी सरळ वीस-चाळीसचा डबा उचलला. बबनशेठ समोर, दोन-चार गिऱ्हाइकं बाकावर. मी काउंटरवरून उठले आणि मिस्त्रींच्या हातातून डबा काढून घेतला. सगळ्यांसमोर! आमच्या गॅरेजात असं कधी झालं नव्हतं. संजयनं गुपचूप झिरो-वीस भरलं. मिस्त्री बाजूला उभे राहून आपली दोन बोटं बघत होते.

जाताना एवढंच म्हणाले, "पुस्तकाले बोटं असतात का, वयनी?"

बरोबर मीच होते. तरी त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

* * *

ऑइल भरल्यावर काचेवर चिठ्ठी लावायची असते, पुढचं ऑइल कधी. मी लिहिलं : दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते.

बबनशेठनी चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. मग तोलायला सुरुवात झाली.

"वयनी, गाडी दहा हजार चालली तं इंजिन किती चाललं?"

"निम्मं असेल."

"मंग ऑइल बी निम्मंच चाललं ना? म्हंजे वीस हजारावर बदलाचं."

"शेठ, इंजिन कमी चाललं तरी ऑइल आत बसून जुनं होतंच. म्हणून वर्षाची अट."

"वर्षातले अर्धे दिवस तं ते झोपूनच हाये! म्हंजे वर्ष बी दोन पायजेत."

मी हात टेकले. शेठनी माझ्याकडचं पेन मागून घेतलं, चिठ्ठीवर वाकले, एक शब्द खोडला आणि समाधानानं गाडीत बसले. गाडी गेल्यावर संजय म्हणाला, "काय लिहून गेला तो?" मी सांगितलं. आता चिठ्ठीवर होतं : जे नंतर होईल ते.

* * *

पुढे सोयाबीनचा हंगाम आला. यंदा मिस्त्रींचं पीक बरं आलं होतं. आमच्याकडे येताना खिशात दाणे घेऊन यायचे. एक दाणा दाताखाली धरायचा, कट्ट आवाज आला की खूश व्हायचे. "ऐकलं का, वयनी? वाळलं म्हंजे असं वाजाले पायजे." मलाही एकदा चावायला लावला.

एक दिवस ते पोती घेऊन यार्डात गेले. माल बबनशेठकडे. शेठनी मूठभर दाणे मशीनमध्ये टाकले. सोयाबीनमध्ये किती टक्के ओल आहे ते हे मशीन सांगतं, आणि ओल जास्त निघाली की माल कोणाचाही असो, परत.

मिस्त्री म्हणाले, "शेठ, मशीन कायले? चावून पाहा ना."

शेठनी मशीनकडे बघितलं. मिस्त्रींकडे बघितलंही नाही. "चौदाच्या वर हाये. घेऊन जा. वाळवून आना."

भर यार्डात. मागे रांगेत मेडशीचीच चार माणसं उभी. मिस्त्री पोती घेऊन परत निघाले. गॅरेजवर आले तेव्हा खिशातले दाणे त्यांनी माझ्या काउंटरवर काढून ठेवले. मी एक चावला. कट्ट वाजला की नाही, मला खरंच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या हत्यारांच्या पेटीला कुलूप घातलं आणि चावी माझ्याकडे दिली. कोणाला कधी हात लावू दिला नव्हता त्या पेटीला.

"संक्रांतीलोक येतो, वयनी. मंग नाई."

"अहो, असं काय करता? एका मशीनचं एवढं काय मनावर घ्यायचं!"

"दोन झाले. एक तुमचं पुस्तक, एक शेठचं मशीन. ऑइलले बोट चुकलं, दाण्याले दात चुकला. आता माहं इथं काय काम?"

संजयनं समजावलं, मी समजावलं. मी तर तो डबा ओढल्याबद्दल माफीही मागितली. ते हसून म्हणाले, "नाई वयनी, तुमी बरोबरच होत्या." हेच तर मला लागलं! चूक असते तर भांडले असते. त्या दिवसापासून ते संजयच्या पान्यांनी काम करू लागले आणि ऑइलला बोट लावायचं बंद केलं. गिऱ्हाइकानं विचारलं की म्हणायचे, "वयनीले विचारा, पुस्तकात पाहून सांगतीन."

* * *

संक्रांतीला चार दिवस होते. सकाळची वेळ, कडाक्याची थंडी. बबनशेठ गाडीचे वायपर बदलायला आले. रस्त्यापलीकडे शांताबाईंच्या टपरीवर मेडशीचे दोघे ट्रॉली उभी करून चहा पीत होते. ट्रॉलीत सोयाबीन, यार्डात न्यायचं.

संजयनं वायपर लावले. शेठ चावी माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवून बाकावर बसले होते. मिस्त्रींनी सवयीनं बॉनेट उघडलं आणि ऑइल ओतायच्या तोंडाचं झाकण काढलं. आणि थांबले.

"वयनी, इकडं या."

झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळट पांढरा थर होता. दुधावर साय धरावी तसा. मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं, मग दोन महिन्यांत पहिल्यांदाच पट्टी काढून थेंब बोटात घेतला. डोळे मिटले. चोळला.

"ओल हाये."

"कायची ओल?" शेठ बाकावरून उठले. "चिठ्ठी पाहा. वर्ष व्हायले दोन महिने हायेत. गाडी चालली हजार-बाराशे. वयनी, तुमचं पुस्तक काय म्हंते?"

पुस्तक तसंच म्हणत होतं. मिस्त्री माझ्याकडे बघत होते. मी आत जाऊन पुस्तक काढलं, या वेळी शेवटपर्यंत वाचलं. अगदी मागच्या पानावर, बारीक अक्षरात होतं : गाडी रोज थोड्याच अंतरावर आणि थंडीत वापरली जात असेल तर इंजिन पुरतं तापत नाही, आत पाणी साठतं, ऑइल लवकर बदलावं.

"शेठ, गाडी रोज किती चालते?"

"घर ते यार्ड. यार्ड ते घर."

म्हणजे जेमतेम दोन किलोमीटर. त्यातही निम्मं बॅटरीवर! इंजिन उठायचं, जांभई द्यायचं आणि झोपायचं. मी पुस्तक मिटलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मिस्त्री, मी चौथ्या पानावरच थांबले होते. तुमचं बोट शेवटच्या पानापर्यंत गेलं."

शेठ म्हणाले, "बोटाचं मी मानत नाई. मशीन दाखवा."

"मशीन?" मिस्त्री म्हणाले. "चला."

आणि ऑइलची पट्टी तशीच हातात धरून ते रस्ता ओलांडून निघाले. मागे शेठ, त्यांच्या मागे मी झिरो-वीसचा नवा डबा घेऊन, माझ्या मागे संजय. मिस्त्री थेट शांताबाईंच्या चुलीपाशी. तवा तापलेला होता.

"शांताबाई, दोन थेंब टाकतो."

"माह्या तव्यावर? ऑइल? डोकं फिरलं का, नामदेवराव!"

"नवा तवा वयनी देतीन."

मी मान हलवली. काय करणार! मिस्त्रींनी आधी नव्या डब्यातला थेंब तव्यावर सोडला. तो गपचूप पसरला, थोडा धूर निघाला, बस. ट्रॉलीवाले दोघे चहा हातात घेऊन जवळ आले.

मग शेठच्या गाडीचा थेंब.

चर्रर्र! तडतड, तडतड! जिऱ्याची फोडणी पडल्यासारखा तो थेंब तव्यावर नाचू लागला. शांताबाई दोन पावलं मागे सरल्या. ट्रॉलीवाल्यांतला एक जण म्हणाला, "मायबाप! यात तं पानी हाये!"

तडतड थांबेपर्यंत शेठ तव्याकडे बघत होते. शेवटी त्यांनी घसा साफ केला.

"मंग... आता काय करा लागन, मिस्त्री?"

मिस्त्रींनी बोट फडक्याला पुसलं, माझ्याकडे वळले आणि हात पुढे केला. "वयनी, माह्या पेटीची चाबी द्या."

मी कमरेला खोचलेली चावी काढून दिली. दोन महिने तिथेच खोचून फिरत होते.

शेठना हायसं वाटलं. "म्हंजे बदलून देता ना?"

मिस्त्रींनी चावी खिशात टाकली. एकदा ट्रॉलीकडे बघितलं, एकदा तव्याकडे. शेठकडे बघितलंही नाही.

"चौदाच्या वर हाये, शेठ. घेऊन जा. वाळवून आना."